दूरची दुर्बीण आणि चाकूरचा वर्ग

(चाकूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



मृग कधी निघतो, हे इथे बसलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. ७ किंवा ८ जून. त्या वर्षी त्याचं वाहन काय, बेडूक की म्हैस की कोल्हा, हेही घरातली म्हातारी माणसं कॅलेंडरात आधीच बघून ठेवतात. आता आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. मृग निघाला, त्या रात्री आकाश निरभ्र असलं, तर मृग नक्षत्र दिसेल का?

शाळांमध्ये आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक हात वर होतात. दिसणारच, नाहीतर त्याला मृग कशाला म्हणतील? पण उत्तर आहे, नाही दिसणार. ‘मृग निघाला’ याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. म्हणजे ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवतं, सूर्याबरोबर मावळतं आणि दिवसभर त्याच्या उजेडात बुडालेलं असतं. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा अशी पुढची पावसाची नक्षत्रंही एकामागून एक अशीच लपतात. ज्या नक्षत्राचा पाऊस पडतो, ते नक्षत्र त्या दिवसांत रात्री बघता येत नाही.

ही गोष्ट आम्ही पुस्तकातून वाचली होती, पण ती खरी कळली एका फसलेल्या प्रयोगातून. एका शाळेतल्या मुलांनी परदेशातल्या एका दूरस्थ दुर्बिणीकडे मृगातल्या तेजोमेघाचा फोटो मागायचं ठरवलं. महिना जूनचा. शाळा नुकती सुरू झालेली. उत्तर आलं की हा विषय सध्या उपलब्ध नाही. मुलं हिरमुसली. आम्हीही तारीख बघितली नव्हती, ही आमचीच चूक. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, सध्या सूर्यच मृगात आहे ना? आमच्या घरी पेरणीची घाई चाललीय.” तिला ते घरात कानावर पडलेल्या बोलण्यातून माहीत होतं. फक्त त्याचा आकाशाशी संबंध तिने त्या दिवशी पहिल्यांदा जोडला. आणि पृथ्वीवर कुठेही दुर्बीण असली तरी जूनमध्ये हेच उत्तर येणार, हेही तिच्या लक्षात आलं, कारण सूर्य सगळ्यांचा एकच आहे.

आजचं व्याख्यान या प्रसंगावरच आहे असं समजा. दुर्बीण हजारो किलोमीटर लांब, मुलं चाकूरच्या वर्गात. यातून मुलं काय शिकतात, आणि काय शिकायचं राहून जाण्याचा धोका आहे, हे आम्हाला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

दूरस्थ वेधशाळा म्हणजे नेमकं काय?

दुर्बीण म्हटलं की डोळा लावून बघायची नळी आठवते. दूरस्थ वेधशाळेत डोळा लावायच्या जागी कॅमेरा असतो. खाली मोटरवर फिरणारी बैठक असते. वर घुमट किंवा सरकतं छप्पर. बाहेर हवामान मोजणारी यंत्रं, म्हणजे वारा, आर्द्रता, ढग बघणारी. आणि हे सगळं एका संगणकाला जोडलेलं. तो संगणक इंटरनेटवरून किंवा उपग्रहामार्फत आपल्याशी बोलतो.

बैठकीला मोटर कशाला? पृथ्वी फिरते म्हणून. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे एका मिनिटात पाव अंश. पौर्णिमेच्या चंद्राचं बिंब साधारण अर्धा अंश रुंद दिसतं. म्हणजे कॅमेरा एक मिनिट उघडा ठेवला आणि दुर्बीण हलवली नाही, तर प्रत्येक ताऱ्याची अर्ध्या चंद्राएवढी लांब रेघ उमटेल. ती रेघ न होता ठिपका मिळावा म्हणून बैठक पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट, अगदी त्याच वेगाने फिरवावी लागते.

आणि दुर्बीण मोठी कशाला? प्रकाश गोळा करायला. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० सेंटिमीटर व्यासाचा आरसा त्याच्या शंभर पट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने १०,००० पट. अंगणात पाऊस पडताना वाटी ठेवली आणि शेजारी हौद ठेवला, तर पाणी कुठे जास्त साठेल? तसंच हे. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं साठवतो.

अशी वेधशाळा चालवायच्या तीन पद्धती आहेत. पहिली थेट. तुम्ही इथून बटण दाबता, दुर्बीण तिथे वळते. दुसरी रांगेची. तुम्ही मागणी नोंदवता, तिथला संगणक सगळ्यांच्या मागण्या लावून रात्रभर एकेक घेतो आणि फोटो नंतर पाठवतो. तिसरी पूर्ण स्वयंचलित. कधी उघडायचं, कधी मिटायचं, आधी काय बघायचं, हेही यंत्रच ठरवतं. शाळांसाठी बहुतेक ठिकाणी दुसरी पद्धत वापरली जाते.

डोळा दुर्बिणीपासून सुटला, ती गोष्ट जुनी आहे

काहींना हे सगळं अगदी नवं वाटतं. काही जण म्हणतात, डोळ्यांनी न बघता कसलं आलंय खगोलशास्त्र! त्यांच्यासाठी आपल्याच जुन्या संस्थानातली एक गोष्ट सांगतो.

१९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. त्या हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वतःच्या हौसेने वेधशाळा सुरू केली. इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण मागवली. त्यांच्यानंतर निजाम सरकारने ती वेधशाळा ताब्यात घेतली. हीच निजामिया वेधशाळा. त्या काळात पॅरिसच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय काम चाललं होतं. सगळ्या आकाशाचे पट्टे पाडायचे, एकेक पट्टा एकेका वेधशाळेकडे द्यायचा, फोटो काढायचे आणि ताऱ्यांची यादी करायची. दक्षिण अमेरिकेतल्या सांतियागोच्या वेधशाळेकडचा एक पट्टा राहिला होता. तो हैदराबादने अंगावर घेतला. पुढे उत्तरेकडचा आणखी एक पट्टाही केला. या कामात साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी झाल्या.

हे काम कसं व्हायचं? रात्री काचेच्या तबकडीवर फोटो घ्यायचा. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ती तबकडी ठेवून एकेका ताऱ्याची जागा मोजायची. म्हणजे मोजणाऱ्याचा डोळा दुर्बिणीला लागलेला नव्हताच. डोळा आणि दुर्बीण यांची फारकत शंभर वर्षांपूर्वीच झाली होती. तरी त्या मोजमापाला कुणी खोटं म्हणालं नाही. कारण मोजणाऱ्याला नेमकं माहीत होतं, आपण काय मोजतोय, आणि चूक कुठे होऊ शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग हातही सुटला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, जवळजवळ २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. त्या सगळ्या खोडदच्या एका इमारतीतून फिरवल्या जातात. शेताच्या पलीकडच्या तबकडीजवळ कुणी जात नाही.

आणि अंतर किती वाढवता येतं, हे लडाखमध्ये दिसलं. तिथे हानलेला सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. हवा कोरडी, आकाश काळंभोर, पण माणसाला श्वास घेणं जड आणि हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली. मग निरीक्षक कुठे बसतात? बंगळुरूजवळ होसकोटेला! दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत सुमारे २,२०० किलोमीटर अंतर आहे. २००१ पासून उपग्रहाच्या दुव्यावरून ही दुर्बीण चालवली जाते. दळणवळणाचा उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. आज्ञा वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर होतात, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने पाव सेकंद. ‘वळली’ असं उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद. अर्ध्या सेकंदात लडाख आणि कर्नाटक यांचं बोलणं होतं.

त्याच हानलेमध्ये २०१८ साली आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी ‘ग्रोथ-इंडिया’ ही ७० सेंटिमीटरची दुर्बीण बसवली. ही आपल्या देशातली पहिली पूर्ण स्वयंचलित संशोधन दुर्बीण. आकाशात काही अचानक घडलं, एखादा तारा भडकला, एखादा लघुग्रह जवळून गेला, तर तिकडे झटकन वळणं हे तिचं काम. तिचं महत्त्व जागेमुळेही आहे. कॅनरी बेटं आणि पूर्व ऑस्ट्रेलिया यांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात चांगल्या वेधशाळा कमी आहेत. एकीकडे सूर्य उगवला की आकाशावरची नजर दुसऱ्याकडे सोपवावी लागते, आणि मधला पहारेकरी भारत आहे.

आता चाकूरशी संबंध बघा. चाकूरचं रेखांश ७७ अंशांच्या जरा अलीकडे, हानलेचं ७९ च्या आसपास. फरक दोन अंशांचा. प्रत्येक अंशाला चार मिनिटं. म्हणजे हानलेत एखादा तारा आकाशात सर्वांत उंच येतो, त्यानंतर साधारण आठ मिनिटांनी तो इथे सर्वांत उंच येतो. त्यांची रात्र आणि आपली रात्र जवळजवळ एकच आहे. फक्त तिथून ध्रुव तारा जवळजवळ ३३ अंश उंच दिसतो आणि इथून साडेअठरा. उलट आपला अगस्ती इथे क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर येतो, हानलेत तो जेमतेम ४-५ अंश वर येऊन मावळतो.

शाळेच्या वेळेत रात्र

आता शिक्षणाकडे वळू. शाळेत आकाशदर्शन म्हटलं की पहिली अडचण वेळेची. आकाश रात्री दिसतं, शाळा दिवसा भरते. आम्ही रात्रीचे कार्यक्रम घेतो तेव्हा एक गोष्ट दर वेळी खटकते. वर्गात निम्म्या मुली असतात, रात्रीच्या मैदानावर मात्र मोजक्याच येतात. वाडीवरून, तांड्यावरून येणारी मुलंही येऊ शकत नाहीत, कारण संध्याकाळची एसटी गेली की परत जायचं कसं? घरच्यांचं चुकतं असं आम्ही म्हणत नाही. पण आकाश सगळ्यांचं म्हणायचं आणि ते बघायला निम्म्यांनीच यायचं, ही गोष्ट बरी नाही.

दूरच्या दुर्बिणीने ही अडचण सुटते. चाकूरला सकाळचे १० वाजतात तेव्हा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. हवाईत रात्र पडते तेव्हा आपली मधली सुट्टी होत आलेली असते. म्हणजे पहिल्या तासाला वर्गात बसलेल्या मुलीसाठी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला रात्र तयार असते.

हा विचार करूनच काही दुर्बिणी उभ्या राहिल्या. डिल फॉक्स यांच्या देणगीतून हवाईत आणि ऑस्ट्रेलियात २ मीटर व्यासाच्या दोन दुर्बिणी झाल्या. ब्रिटनमधल्या मुलांनी शाळेच्या वेळेत त्या चालवाव्यात हा हेतू होता. आता त्या लास कुंब्रेस वेधशाळेच्या जाळ्यात आहेत. या जाळ्याच्या दुर्बिणी दोन्ही गोलार्धांत पसरल्या आहेत, आणि शैक्षणिक गटांना त्यांवर वेळ दिला जातो. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राची ‘मायक्रो-ऑब्झर्व्हेटरी’ आणखी साधी. जेमतेम १५ सेंटिमीटरच्या स्वयंचलित दुर्बिणी. यादीतून विषय निवडायचा, किती सेकंद प्रकाश घ्यायचा ते सांगायचं, आणि फोटो नंतर ईमेलने येतो. पैसे पडत नाहीत.

पावसाळ्याचा प्रश्नही इथे थोडा सुटतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं. अ‍ॅरिझोनातही जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा पावसाळा असतो, हे मुलांना माहीत नसतं आणि कळल्यावर मजा वाटते. मग त्या महिन्यांत दक्षिण गोलार्धाकडे बघायचं. कुठे केव्हा आकाश मोकळं असतं, हे शोधता शोधता मुलांचा भूगोल पक्का होतो.

फोटो मिळाला, पुढे काय?

आता धोका. तोही सांगितला पाहिजे.

फोटो आला की मुलं खूश, शिक्षक खूश. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, पन्नास अंगठे मिळतात, आणि काम संपतं. हे असं झालं तर आम्ही म्हणू, एवढी खटपट नको. हबल दुर्बिणीचे फोटो याहून किती तरी सुंदर आहेत, ते डाऊनलोड करा. दूरस्थ वेधशाळेचा उपयोग सुंदर फोटोसाठी नाहीच. तिचा उपयोग आपला प्रश्न विचारून उत्तर मोजण्यासाठी आहे.

एक उदाहरण घ्या. आकाशाच्या एकाच भागाचे तीन फोटो, पंधरा-पंधरा मिनिटांनी घेतलेले. तारे तिन्हींत जागच्या जागी. पण एखादा ठिपका सरकलेला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह साधारणपणे तासाला ३० विकला सरकतो. म्हणजे चंद्रबिंबाएवढं अंतर कापायला त्याला अडीच दिवस लागतील. पंधरा मिनिटांत सात-आठ विकला. कॅमेऱ्याचा एक चौकोन एक विकलेचा असेल, तर सात-आठ घरं. संगणकावर तिन्ही फोटो भराभर बदलून बघितले की तो ठिपका उड्या मारताना दिसतो. मग मुलांनी मोजायचं. दोन्ही उड्या सारख्या आहेत का? एकाच दिशेने आहेत का? नसतील तर तो लघुग्रह नाही. कॅमेऱ्यातला दोष असेल, किंवा अवकाशातून आलेला एखादा कण.

असंच काम शाळांसाठी २००६ पासून एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात चालतं, त्याचं केंद्र अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये आहे. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो मुलांना विनामूल्य मिळतात आणि साध्या संगणकावर तपासता येतात. भारतातल्या अनेक शाळांनी यात भाग घेतला आहे. यात मुलांना सर्वांत जास्त शिकवतो तो नकार. दहा ठिपके लघुग्रह म्हणून पाठवावेत आणि त्यातले नऊ खोटे निघावेत, याची तयारी ठेवावी लागते.

आता एक मोठं उदाहरण. १६ ऑगस्ट २०२० च्या सकाळी साडेनऊच्या सुमाराला, आपल्या घड्याळाप्रमाणे, मोटारीएवढा एक लघुग्रह हिंद महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. मघाशी सांगितलेला दळणवळणाचा उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो, हा त्याच्याही कितीतरी आतून गेला. इतक्या जवळून जाऊन न आदळलेला लघुग्रह तोपर्यंत नोंदलेला नव्हता. तो टिपला कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या स्वयंचलित दुर्बिणीने. पण त्या फोटोतली ती रेघ ओळखली आयआयटी मुंबईचा विद्यार्थी कुणाल देशमुख याने. दुर्बीण तिकडे, डोळा इकडे. रात्रभरात यंत्राने असंख्य रेघा काढल्या होत्या, त्यातल्या बहुतेक उपग्रहांच्या. कुठली वेगळी आहे, हे माणसाने ठरवलं.

हैदराबादच्या त्या तबकड्या आठवा. मोजणाऱ्याला माहीत हवं, आपण काय मोजतोय आणि चूक कुठे होऊ शकते. काळ बदलला, काचेची तबकडी गेली, पण ही अट तीच राहिली.

आधी आपले डोळे

म्हणून आम्ही शाळांना सांगतो, दूरच्या दुर्बिणीकडे जायच्या आधी दोन महिने नुसत्या डोळ्यांनी एक काम करा. मायावतीकडे बघा.

ययाती तारकासमूहातला हा तारा, हिवाळ्यात संध्याकाळी इथून चांगला उंच दिसतो. तो एकटा नाही, दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड आला की मायावतीचा प्रकाश जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हे घडतं. सगळं ग्रहण सुमारे दहा तासांचं. आज रात्री ११ वाजता ती सर्वांत मंद दिसली, तर तीन दिवसांनी संध्याकाळी ७ वाजून ४९ मिनिटांनी पुन्हा तशीच दिसेल. हे गणित पाचवीतलं पोरगंही करतं. आणि ते खरं ठरलं की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते कुठल्याही फोटोने दिसत नाही.

याचा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या मुलाने, १७८३ साली. वय १८ वर्षं. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याने शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत रात्रीमागून रात्री नोंदी ठेवल्या आणि कारणही सुचवलं, की कुणीतरी मध्ये येत असावं. रॉयल सोसायटीने त्याला पदक दिलं.

हे झालं की मग असाच दुसरा, डोळ्यांना न दिसणारा बदलता तारा दूरच्या दुर्बिणीने मोजा. आता मुलाला कळतं, यंत्र काय करतंय. तेच जे मी अंगणात केलं, फक्त अधिक मंद ताऱ्यावर आणि अधिक अचूक.

आपल्या भागात वेधशाळा करायची तर

कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलतो. मराठवाड्यात एखादी छोटी दूरस्थ वेधशाळा होऊ शकते का? होऊ शकते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री आपल्याकडे भरपूर आहेत. दक्षिणेचे काही विषय, उदाहरणार्थ ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, इथे २४ अंश उंच येतो. अ‍ॅरिझोनात तो त्याच्या निम्म्याहून कमी उंच येतो. म्हणजे आपणही इतरांना काही देऊ शकतो.

पण यंत्र घ्यायच्या आधी चार गोष्टी बघा. पहिली छप्पर. लाइट गेली, नेट गेलं, तरी ते आपोआप बंद झालं पाहिजे. दुर्बिणीवर खर्च करून छपरावर काटकसर केली, तर एका अवकाळी पावसात सगळं जातं. दुसरी धूळ आणि धूर. ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी, पुढे उसाचं पाचट जाळणं. आरशावर त्याचा थर बसतो. तिसरी चार महिन्यांची दमट हवा. काचेवर बुरशी येते, उंदीर वायरी कुरतडतात. बंद काळातही कुणीतरी जाऊन बघणारं हवं. ‘दूरस्थ’ म्हणजे बिनमाणसाची असं नाही.

चौथी गोष्ट उजेड. गावोगावी हायमास्ट दिवे आले. रस्त्यावर उजेड हवा, त्याबद्दल वाद नाही. पण काही उजेड वर जाऊन आकाश धुवून टाकतो, त्याचा कुणालाच उपयोग नाही. वर झाकण आणि खाली प्रकाश, एवढंच करायचं असतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं अंधारं आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली, ती दिव्यांची अशी व्यवस्था करूनच. वडवळ नागनाथच्या बेटावर उभं राहून रात्री चारी बाजूंना बघा. कुठे अंधार शिल्लक आहे, ते कळेल. तो गेला तर पुन्हा आणायला दुर्बीण उपयोगी नाही.

आणि इथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. तिथे लायगो-इंडिया होणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने त्याला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा गुरुत्वीय लहरी टिपतील. अशी लहर आली की जगभरच्या स्वयंचलित दुर्बिणी तो प्रसंग प्रकाशात शोधायला धावतात. २०१७ साली दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा असंच झालं. साधारण अकरा तासांत चिलीतल्या दुर्बिणीने ती जागा शोधली, १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत. हे काम आपल्या दारात येतंय. ते चालवायला, त्याचे आकडे वाचायला इथली मुलं असतील की आपण फक्त जमीन आणि वॉचमन पुरवणार, हे आजच्या सातवी-आठवीच्या वर्गात ठरतंय.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*शाळेत एकच संगणक आहे आणि नेट मधूनमधून जातं. तरी जमेल?*

जमेल. रांगेच्या पद्धतीत मागणी द्यायला पाच मिनिटं पुरतात आणि फोटो मोबाईलवरही उतरवता येतो. मोजमाप तर छापील कागदावर पट्टीनेही होतं. आम्ही स्वतः तसंच सुरू केलं.

*सगळं इंग्रजीत असतं. मुलं घाबरतात.*

खरं आहे. पण मागणीच्या अर्जात दहा-बारा शब्दच असतात. शिक्षकांनी ते फळ्यावर मराठीत लिहून द्यावेत. आणि मागणी देण्याआधी मुलांनी वहीत मराठीत तीन ओळी लिहाव्यात. आम्ही काय मागतोय, का मागतोय, आणि काय दिसेल असं आम्हाला वाटतं. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. अंदाज चुकला तरच शिकायला काही उरतं.

*घरी दुर्बीण विकत घ्यावी का?*

आधी द्विनेत्री घ्या. त्यातून गुरूचे चंद्र दिसतात आणि कृत्तिका मोजता येतात. ती हातात बसली, की मग दुर्बिणीचं बघू.

शेवटी एकच काम देतो. डिसेंबरच्या मध्याला मृग नक्षत्र संध्याकाळी पूर्वेला उगवेल आणि मध्यरात्री डोक्याजवळ येईल. त्या रात्री घरातल्या आजोबांना अंगणात बोलवा आणि विचारा, जूनमध्ये हे कुठे होतं? त्यांचं उत्तर वहीत लिहून आणा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.